बोकडाला जागा, ड्रायव्हरला जाग

भारत सरकारच्या हिशेबाने प्रवासात एका शेळीला 0.3 चौरस मीटर जागा लागते. गाई-म्हशीला 2, घोड्याला सव्वादोन, डुकराला 0.6. ही मापं 2015 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत शिरली. आता दुसरा आकडा घ्या. मुंबईच्या लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असतात, असं रेल्वेच सांगते. करा भागाकार. सोलापूर जिल्ह्यातून देवनारच्या कत्तलखान्याकडे निघालेला बोकड गोवंडी स्टेशनाजवळून जातो, तेव्हा शेजारच्या लोकलमधल्या चाकरमान्यापेक्षा कायद्याने तो चौपटीहून जास्त ऐसपैस असतो. तरी ओरडतो बोकडच, कारण त्याच्याकडे परतीचा पास नसतो.

या सगळ्या मोजमापात गाडीतला एक प्राणी मात्र निसटला. तो पुढे बसतो आणि स्टेअरिंग धरतो.

सांगोल्याचा रविवारचा बाजार ज्याने पाहिला नाही, त्याने सोलापूर जिल्हा अर्धाच पाहिला. खिलार खोंड, जर्सी गाई, पंढरपुरी म्हशी, माडग्याळी मेंढ्या, उस्मानाबादी शेळ्या. (जिल्हा धाराशिव झाला, शेळी अजून उस्मानाबादीच आहे. तिने राजपत्र वाचलेलं नाही.) रुमालाखाली बोटं दाबली जातात, सौदा ठरतो, नोटा मोजल्या जातात, चहा होतो. इथे हेडी (दलाल), व्यापारी, शेतकरी सगळ्यांचं काम संपतं आणि ड्रायव्हरचं सुरू होतं. तोवर तो गाडीखालच्या सावलीत आडवा असतो. येणाऱ्या रात्रीची झोप त्याला दुपारीच उरकून ठेवायची असते, तीही बाजाराच्या गोंगाटात.

मग भरणी. शेळी उचलून आत टाकता येते, खिलार खोंड टाकता येत नाही. तो फळीवर एक पाय ठेवतो, विचार करतो आणि नाही म्हणतो. पंढरपुरी म्हशीची तर निराळीच कथा. तिची शिंगं तलवारीसारखी खांद्याच्याही मागे गेलेली. तिला नियमाने 2 चौरस मीटर मंजूर आहेत, पण शिंगांचं क्षेत्रफळ दिल्लीत कुणी मोजलेलं दिसत नाही.

सिमेंटची गाडी आणि जनावरांची गाडी चालवायला लायसन एकच लागतं, पण धंदे दोन. ब्रेक मारला की सिमेंटची पोती पुढच्यांच्या पाठीवर चढत नाहीत, खंडाळ्याचा घाट उतरताना घाबरत नाहीत, आणि ढाब्यावर गाडी लावून ड्रायव्हर दोन तास झोपला तर गुदमरतही नाहीत. जनावरांच्या गाडीची गोम इथेच आहे. चाक फिरतंय तोवर वारं असतं, चाक थांबलं की आत भट्टी. म्हणून उन्हाळ्यात गाडी रात्री काढायची आणि ऊन चढायच्या आत पोचवायची. मध्ये झोप आली तर? ती झोपेची अडचण.

शिवाय कान मागे ठेवावा लागतो. ‘‘वरडत्यात तवर बरं असतंय ओ,’’ एक ड्रायव्हर सांगत होता, ‘‘गप झाली की उतरायचं आन् बघायचं.’’ म्हणजे टॉर्च दातात धरून हौद्यावर चढायचं, पायाखाली गेलेलं जनावर शोधायचं, धरून उभं करायचं, दोन मिनिटं थोपटायचं, उतरायचं, निघायचं. म्हणून याच्या केबिनमध्ये गाणी हळू वाजतात. ट्रकवाल्याला गाणी हळू लावायला लावणं, याहून कडक शिक्षा दंडसंहितेतही नसेल.

एखादं दगावलं तर भाड्यातून कापतात. सगळी धडधाकट पोचली तर काही नाही, ते तर त्याचं कामच होतं. प्रवासात जनावर सुकतं, वजन घटतं, तेही त्याच्याच नावावर. ‘‘पाणी पाजलं न्हाईस का रं?’’ पाजायला थांबला असता तर उशीर का केलास, हे विचारलं असतं.

जनावरांच्या वाहतुकीचे 1978चे नियम वाचण्यासारखे आहेत. मी वाचले. ज्यांनी पाळायचे आणि ज्यांनी पाळून घ्यायचे, त्यांनीही सवडीने वाचावेत. एका ट्रकमध्ये गाई-बैल सहापेक्षा जास्त नकोत. साडेचार-पाच टनी गाडीत शेळ्या-मेंढ्या चाळीसपेक्षा जास्त नकोत. खाली किमान 5 सेंटिमीटर जाडीचा पेंढा हवा. सोबत डॉक्टरचा दाखला, चारा, प्रथमोपचाराची पेटी. पेटी शेळ्यांसाठी. ड्रायव्हरकडे बामची डबी असते, ती त्याने स्वतः विकत घेतलेली.

गणितही करून पाहिलं. सतरा फुटी हौद्याचं क्षेत्रफळ साधारण 11 चौरस मीटर. 0.3ने भागलं की छत्तीस-सदतीस शेळ्या येतात. म्हणजे 1978चं सरकार आणि 2015चं सरकार, मध्ये 37 वर्षं, आणि दोघांचा हिशेब जवळजवळ जुळला. आपल्या देशात हा चमत्कारच आहे, कुणीतरी नोंद करून ठेवा.

व्यापाऱ्याचं गणित मात्र तिसरंच असतं. भाडं गाडीला ठरतं, शेळीला नाही. चाळीसऐवजी ऐंशी भरल्या की एका शेळीमागचं भाडं निम्म्यावर येतं. म्हणून हौद्यात फळ्या टाकून माडी चढवतात आणि तळमजल्यावर रात्रभर वरच्या मजल्याचा अभिषेक चालू राहतो. हे क्रूर आहे, त्याला दुसरा शब्द नाही. आणि ड्रायव्हर काही आंधळा नव्हे, त्याला सगळं दिसत असतं. पण भरणी करतो व्यापारी, दर पाडतो पुढचा व्यापारी, आणि रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे असलेले तुम्ही-आम्ही म्हणतो, ‘‘काय राव, परत वीस रुपये वाढवले?’’ ती वरची माडी त्या वीस रुपयांवर बांधलेली असते. पकडला जातो मात्र चौथाच, कारण घटनास्थळी तो एकटाच हजर असतो.

पकडल्यावर काय? प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960चा. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान 10 रुपये, कमाल 50. पासष्ट वर्षांत चाऱ्याचे, डिझेलचे, बोकडाचे भाव कुठल्या कुठे गेले, निर्दयतेचा भाव तेवढा स्थिर राहिला. वाटेतली ‘एंट्री’ याहून महाग पडते. एंट्री म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याने ट्रकवाल्याला विचारावं. ज्याला ठाऊक आहे तो विचारत नाही, तो घेतो.

खरा दणका 2017च्या नियमांत आहे. पकडलेली जनावरं खटला चालेपर्यंत गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवता येतात. त्यांच्या चारापाण्याचा, औषधाचा खर्च मालकावर आणि मालकाबरोबर वाहतूकदारावरही पडतो, आणि गाडी तोवर तारण. गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहते, टायर बसतात, बॅटरी बसते. फायनान्सवाल्याचा हप्ता तेवढा बसत नाही, तो उभाच. पन्नास रुपयांच्या गुन्ह्यात आठ-दहा लाखांची गाडी गंजते आणि ज्याने ऐंशी भरल्या तो पुढच्या रविवारी दुसऱ्या गाडीशी भाडं ठरवत असतो.

बैल असतील तर आणखी मजा. गोहत्याबंदीचा मूळ कायदा 1976चा. मार्च 2015मध्ये त्यातली दुरुस्ती लागू झाली आणि बैल-वळूही त्यात आले. शेतकऱ्याने औतासाठी बैल घेणं, तो गाडीतून घरी नेणं, यात आजही बेकायदा काही नाही. पण बैल नांगराला चाललाय की दुसरीकडे, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, आणि रात्री दोन वाजता गाडीसमोर मोटरसायकली आडव्या लावणाऱ्या तरुणांना वाचनाची आवडही नसते. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावं, असं एक कलम त्या कायद्यात होतं. मुंबई उच्च न्यायालयाने ते मे 2016मध्ये रद्द केलं. हायवेवर ते अजून लागू आहे. या अडवाअडवीला आणि मारहाणीला कंटाळून 2025च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच थांबवली. बाजार ओस पडले. मग शेतकऱ्यांच्या ध्यानात आलं की भाकड जनावर विकत घेणाराही कुणीतरी लागतो. ते पोचवणाराही कुणीतरी लागतो, हे मात्र अजून कुणाच्या ध्यानात यायचंय.

झोपेचा कायदा कधी नव्हताच असं नाही हं. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 सालचा, तो 2025पर्यंत होता. दिवसाला 8 तास काम, लांबच्या मार्गावर फार तर 10. पाच तास झाले की किमान अर्धा तास विश्रांती. सुंदर! लागू कुणाला? जिथे पाच किंवा जास्त कामगार होते त्या धंद्याला. जनावरांची गाडी बहुधा एक-दोन गाड्यांच्या मालकाची, कित्येकदा ड्रायव्हरच मालक. मालक, ड्रायव्हर, क्लीनर, सगळे धरून तीन भरतात. कायदा दारावरची पाटी वाचून परत जायचा. जनावरांसोबत एक माणूस हवा, असं 1978चे नियम सांगतात. तो माणूस म्हणजे हाच क्लीनर. शेळ्यांचा राखणदार तो, टायर बदलणारा तो, ड्रायव्हरचा डोळा लागू नये म्हणून रात्रभर बडबडणाराही तोच. त्याला जागं ठेवायला कोण, याची तरतूद नियमांत नाही.

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे टोलनाके ओळीने येतात. प्रत्येक ठिकाणी फास्टॅग बरोब्बर पैसे कापतो आणि वेळ सेकंदापर्यंत टिपून ठेवतो. एखादी गाडी किती तास सलग चाललीय, हे कळायला नवं यंत्र, नवी समिती, परदेश दौरा, काहीच नको. चार पावत्या शेजारी ठेवल्या की झालं. पण ज्यातून काही कापता येत नाही ते मोजायचं कशाला?

देशाला हा माणूस एकदा आठवला होता, 1 जानेवारी 2024ला. अपघातात कुणाचा जीव घेऊन, खबर न देता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये आलं आणि ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली. पंपांवर रांगा लागल्या. पळाला तर दहा वर्षं, थांबला तर जमाव, आणि मागे चाळीस शेळ्या ओरडतायत, अशा वेळी माणसाने काय करावं, यावर चर्चा व्हायला हवी होती. सरकारने ते कलम तूर्त लावत नाही म्हटलं, आपल्या टाक्या भरल्या, चर्चा संपली.

अलीकडची कृपा म्हणजे एसी. 1 ऑक्टोबर 2025पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला तो सक्तीचा झाला. मे महिन्यात पारा 43-44वर जाणाऱ्या सोलापुरात कुणी याला नाक मुरडणार नाही. पण जनावरांच्या धंद्यात येतो तो ट्रक ऊस, वाळू, कांदा असं सगळं भोगून चौथ्या मालकाच्या दारी आलेला असतो. थंड वारं त्याच्यापर्यंत पोचायला 2040 उजाडेल. आणि पोचलं तरी काच लावून मागचं ऐकायचं कसं?

सप्टेंबर 2022मध्ये लम्पीची साथ आली, बाजार बंद, जनावरांची ने-आण बंद. त्या काळात यातल्या काही ड्रायव्हरांनी कांदा ओढला. कांदा वाटेत मरत नाही, सोलापूरच्या बाजार समितीत पोचल्यावर मरतो, पण निदान ड्रायव्हरच्या भाड्यातून कापत नाहीत. मग हे कायमचंच का करत नाही, असं एकाला विचारलं तर म्हणाला, ‘‘कांद्याशी बोलायचं काय ओ?’’ या माणसाचं लग्न जमत नाही, ढाबेवाला त्याला गाडी लांब लावायला सांगतो, कारण वास येतो. बोलायला उरतात त्या शेळ्या.

नियमात आणखी एक मेख आहे. जनावरांच्या गाडीत दुसरा माल भरायचा नाही. म्हणजे देवनारला बोकड उतरवले की जवळजवळ चारशे किलोमीटर रिकामं यायचं. डिझेलला ते कळत नाही. अगदीच रिकामं म्हणायला नको, हौद्यात लेंड्या उरतात, आणि सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना लेंडीखत मिळेल तेवढं हवंच असतं. झाडून, पोत्यात भरून दोन पैसे सुटतात. अशाच एका गाडीला पहाटे नाक्यावर हात झाला.

‘‘मागं काय?’’

‘‘लेंड्या हायत सायेब.’’

साहेबांनी वर चढून टॉर्च मारला, पोती मोजली, एकात हात घालून खात्री करून घेतली. रुमालाला बोटं पुसत खाली उतरले आणि म्हणाले, ‘‘पावती?’’