बटन, बटन, बटन

अंधांना वाचता येतील अशी ई-बुके भारतात बनत नाहीत, असे म्हणणाऱ्याने चेन्नईकडे पाहावे. या शहरात परदेशी प्रकाशकांची पुस्तके ई-बुकांत उतरवण्याचा धंदा जुना आहे. चित्राला वर्णन जोडणे, मथळ्यांची उतरंड लावणे, तक्ता ओळीने वाचला जाईल असा बांधणे, ही कामेही आता त्यात आली. कारण २८ जून २०२५ पासून युरोपीय संघात ई-बुके आणि ती वाचायची सॉफ्टवेअरे अंधांना वापरता येणे कायद्याने सक्तीचे आहे. जर्मनीतल्या अंध वाचकाची काळजी आपण बिल लावून घेतो; घरच्यासाठी सहानुभूती आहेच, तिला कोड लिहावा लागत नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नव्हे. सुलभ प्रती काढण्याची मुभा २०१२ सालीच कॉपीराइट कायद्यात आली आणि २०१४ साली अशाच प्रतींसाठीचा माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारतच. पहिला नंबर आला, पेढे वाटून झाले, पुस्तकांचे तेवढे राहून गेले. मराठी पीडीएफ पुष्कळदा युनिकोडपूर्व फाँटात असते. डोळ्यांना देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर बिचारा ती इमानाने वाचतो. मजकूर धड असलाच, तर ॲपमधल्या बटनांना नावे नसतात. टॅब दाबत जावे, तो म्हणतो, ‘बटन, बटन, बटन’. यातले पान उलटणारे कोणते आणि पुस्तक पुसणारे कोणते, हे दैवाधीन.

मजकूर मोकळा केला तर चोरी होईल, असे प्रकाशक म्हणतात. पण चोर डोळस असतो. तो पाने स्कॅन करतो, त्याला स्क्रीन रीडर लागत नाही. शिवाय नकलेविरुद्धचे कुलूप न काढताही मजकूर वाचून दाखवता येतो. किंडलच्या विंडोज ॲपने ते केलेले आहे. ऑडिओबुक आहे ना, असेही विचारतात. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यातून एक तळटीप शोधून दाखवावी! जुनी पुस्तके बदलायला खर्च येतो, हे मात्र खरे. युरोपनेही सेवा देणाऱ्या अतिलहान उद्योगांना सूट दिली आहे. पण नवे पुस्तक पहिल्यापासूनच युनिकोडमध्ये बांधायला कोणाची आडकाठी आहे?

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मराठी प्रकाशकांनी पुढचे ई-बुक विक्रीला काढण्याआधी मॉनिटर बंद करावा, एनव्हीडीएच्या भरवशावर पहिली दहा पाने वाचावीत आणि मगच किंमत छापावी.