मुहूर्त साडेबाराचा

मे महिन्यात शिरूर-दौंडच्या माणसाला उसंत नसते. कामामुळे नव्हे, पत्रिकांमुळे. एकाच तारखेला घोडनदीत साखरपुडा, पाटसला लग्न आणि केडगावात जावळ.

पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन दौंडला काढून उलट्या बाजूला जोडावं लागे. तो वेळ वाचावा म्हणून रेल्वेने कॉर्ड लाईन टाकली. वाचलेला वेळ पाहुणे मांडवात घालवतात. मुहूर्त साडेबाराचा, पण नवरदेव डीजेपुढून हलत नाही, आणि हलला की आजी-माजी लोकप्रतिनिधींचे आशीर्वाद सुरू होतात. अक्षता मुठीतच घामेजतात. शिरूर तालुक्यात रेल्वेच नाही, त्यामुळे तिथला उशीर नगर रस्त्यावरच्या कोंडीच्या नावावर खपतो.

लग्न नसेल त्या दिवशी जत्रा, आणि जत्रेत बैलगाडा शर्यत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, २०२३ मध्ये त्यांना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. बैल काही सेकंदांत शर्यतीचा घाट पार करतात. सत्कार मात्र दिवेलागणीपर्यंत.

उरलेल्या दिवशी पाहुण्यांना रांजणगावचा महागणपती, निघोजचे रांजणखळगे आणि मोराची चिंचोली दाखवायची. भर दुपारी पाहुणे विचारतात, मोर कुठायत? मोर सावलीत असतात. त्यांना कुणाचा आहेर फेडायचा नसतो.