उताराची माणसं

माझे पुण्यातले नातेवाईक दोन प्रकारचे आहेत : उतारावर राहणारे आणि सपाटीवर राहणारे. सदाशिव पेठेत सख्खी मावशी राहते, तिला मी फोन करतो. आणि सहकारनगरला, पर्वतीच्या अंगाला राहणाऱ्या बायकोच्या चुलत आत्याच्या दिरांकडे मात्र सवड मिळाली की चहाला जातो. मावशीला वाटतं, त्यांच्या इस्टेटीवर माझा डोळा आहे. माझा डोळा त्यांच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर आहे. तिथे हँडब्रेक सोडला की गाडी घरंगळते, आणि घरंगळल्याशिवाय माझी गाडी चालू होत नाही.

गाडी 1998 सालची. एजंट म्हणाला होता, ‘‘डॉक्टरची गाडी आहे साहेब, सिंगल ओनर.’’ डॉक्टरची म्हटल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही. ते डॉक्टर कशाचे, हेसुद्धा. सोसायटीच्या दारात हिने गाडीला ओवाळलं, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, शेजारच्या काकूंनी पेढ्यांचा पुडा उघडला, मी ऐटीत किल्ली फिरवली आणि लिंबापर्यंत पोचायच्या आत गाडी बंद पडली. लिंबाचं आम्ही सरबत केलं.

तेव्हापासून गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, सेल्फच्या मोटरचे कार्बन बदलले, अर्थिंगची पट्टी घासली. ‘‘आता बदलायचे फक्त साहेब राहिलेत,’’ असं तो पोऱ्याला म्हणाला. हळूच म्हणाला, पण गाडी बंद असल्यामुळे स्पष्ट ऐकू आलं. रस्त्यात बंद पडली की मी बोनेट उघडून आत बघत उभा राहतो, कारण बोनेट उघडलं की आत बघायचं असतं एवढंच मला ठाऊक आहे. मग पुणेकर जमतात. कुणी म्हणतं कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय, कुणी म्हणतं प्लग काळे पडलेत, आणि एखादे आजोबा हमखास विचारतात, ‘‘पेट्रोल आहे का?’’ एकदा नव्हतं.

धक्क्याचं शास्त्र मात्र मला तोंडपाठ आहे. किल्ली ऑन, क्लच दाबलेला, गियर दुसरा. पहिला टाकलात तर गाडी गचका खाते आणि ढकलणाऱ्याचं नाक डिकीवर आपटतं. वेग आला की क्लच झटक्यात सोडायचा, इंजिनाने ढेकर दिली की पुन्हा दाबायचा आणि पाय ॲक्सिलरेटरवर. पंचाईत अशी की त्यानंतर थांबता येत नाही, कारण थांबलं की गाडी पुन्हा बंद पडते. त्यामुळे वॉचमन, दूधवाला, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल या सगळ्यांचे आभार मी आजवर आरशातूनच मानत आलोय. एकदा ढकलणाऱ्यांत हीसुद्धा होती. ती नंतर रिक्षाने आली.

माझी सासुरवाडी वाईची. जाताना खंबाटकी घाट चढावा लागतो. परतीला बोगदा आहे, पण परतायला आधी पोचावं लागतं. सासऱ्यांच्या एकसष्टीला आम्ही निघालो ते मे महिन्यात, भर दुपारी, आणि घाटाच्या एका वळणावर गाडी फुसफुसून थांबली. गरम नळीत पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही, याला व्हेपर लॉक म्हणतात आणि पंपावर ओलं फडकं ठेवायचं असतं, हे सगळं मला एका ट्रकच्या क्लीनरने सांगितलं. फडकं नव्हतं. सासऱ्यांसाठी घेतलेलं उपरणं होतं. हिच्याकडे न बघता मी ते भिजवलं, पंपाला गुंडाळलं, आणि थोड्या वेळाने गाडी खरोखर चालू झाली. दुसऱ्या दिवशी सासरे ते उपरणं घेऊन होमाला बसले, तेव्हा गुरुजी वास घेत घेत चांगले हातभर लांब सरकले.

पंधरा वर्षं उलटली की गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते आणि वर पर्यावरण कर भरावा लागतो. माझ्या गाडीइतका कमी धूर उभ्या पुण्यात कुणी केला नसेल, पण तशी सवलत कायद्यात नाही. शेवटी भंगारवाल्याला विचारलं. भाव बरा देतोय. अट एकच, गाडी चालवत आणून द्यायची.

त्याचं दुकान चढावर आहे.