न वाचता बालपुस्तकाचं कौतुक कसं करावं
(जळगाव-धुळ्याच्या होतकरू परीक्षकांसाठी)

पुस्तक हाती पडतं ते बहुधा दिवाळीच्या मागेपुढे. लेखक ओळखीचाच असतो, डी.एड.ला बरोबर असलेला, नाहीतर साडूच्या शाळेतला. पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ आणि खाली वळणदार सही. चार दिवसांनी फोन येतो, ‘आप्पा, दोन शब्द लिहा ना पेपरात.’ त्या दोन शब्दांचे चारशे कसे करायचे, ते इथे सांगितलं आहे. पुस्तक वाचायची अट नाही. वाचलंच, तर काय होऊ शकतं, तेही पुढे दिलं आहे.

पहिलं वाक्य तयार मिळतं. ‘आजच्या मोबाइलच्या युगात मुलं वाचनापासून दुरावत चालली असताना...’ हे वाक्य मोबाइलवरच टाइप करावं. त्यामागोमाग ‘बालमनाचा अचूक ठाव’, ‘निरागस भावविश्व’, ‘रंजनातून प्रबोधन’ आणि ‘प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असायलाच हवं’ एवढं आलं की अर्धा कॉलम भरतो. ‘संस्कारक्षम’ हे विशेषण घाईनं खर्चू नका, शेवटच्या परिच्छेदात लागतं. पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचं असलं तरी त्याला ‘मैलाचा दगड’ म्हणायला हरकत नाही. सुरत-नागपूर हायवेवर दगड पुष्कळ आहेत.

तिसऱ्या वाक्यात साने गुरुजी आणावेत. खानदेशात हा नियम मोडून चालत नाही. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तिथलं छात्रालय सांभाळत होते, ‘विद्यार्थी’ मासिक काढत होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी विनोबांची गीता-प्रवचनं उतरवून घेतली आणि पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. परीक्षणात एवढा तपशील नको, ‘साने गुरुजींच्या पावन भूमीत’ इतकं पुरे. मात्र या निमित्तानं ‘श्यामची आई’ पुन्हा उघडायची नाही, हे पथ्य पाळा. त्यात पोहायला जावं लागू नये म्हणून माळ्यावर लपणारा भित्रा पोरगा आहे आणि आईनं आपल्याला बडवल्याचं तो स्वतःच्या तोंडानं सांगतो. मुलांना तो आपला वाटतो तो त्यामुळेच. हे एकदा डोक्यात शिरलं की हातातल्या नव्या पुस्तकातला, पहाटे उठून देवाला, आईबाबांना आणि तुळशीला नमस्कार करणारा, कधीच न चुकणारा चिरंजीव खटकायला लागतो आणि परीक्षण अडून बसतं.

जळगावात कौतुक फार थोडक्यातही झालेलं आहे. १९०७ च्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली आणि विषय संपवला. ठोंबऱ्यांचं पाळण्यातलं नाव आज परीक्षेला विचारावं लागतं. ही पद्धत आपल्या कामाची नाही. एका शब्दाचं मानधन कुठलाही पेपर देत नाही. (चारशे शब्दांचंही देत नाही, पण निदान फोटो छापतात.)

आता मुख्य कौशल्य, म्हणजे शीर्षकावरून आशय ओळखणं. सरावासाठी साहित्य अकादमीची पुरस्कारांची यादी उत्तम. अकादमीनं २०१० पासून बालसाहित्यासाठी ५०,००० रुपयांचा वेगळा पुरस्कार ठेवला आहे. मराठीतली अलीकडची नावं घेऊ. संजय वाघ यांचं ‘जोकर बनला किंगमेकर’ (२०२१): लोकशाही मूल्यांची रुजवण. संगीता बर्वे यांचं ‘पियूची वही’ (२०२२): मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व. भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ (२०२४): अंधश्रद्धेवर प्रहार. बंगल्यात भूत आहे की नाही, हे बघायला पानं उलटायची नाहीत. २०२० साली आपल्याकडच्या आबा महाजनांच्या ‘आबाची गोष्ट’ला हा पुरस्कार मिळाला. अशा वेळी तर आशयाचीही गरज उरत नाही. खानदेशच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवावा आणि थांबावं.

या पद्धतीत एकच पुस्तक दगा देतं. ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला २०१७ चा पुरस्कार आहे. नाव वाचलं की नवशिक्या हमखास रामसेतूवर जातो आणि ‘बालसाहित्याच्या सेवेतला खारीचा वाटा’ लिहून मोकळा होतो. पुस्तकात मात्र धरणाखाली जाणारं गाव आहे आणि ते सोडावं लागणारा मुलगा आहे. आपल्याकडेही सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा-धडगावकडची गावं गेली. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १९९८ साली. तोवर तो सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. तिथून उठवलेली माणसं तळोदा तालुक्यातल्या वसाहतींत राहतात, त्यांची नातवंडं आता शाळेत आहेत. त्या वर्गात हे पुस्तक मोठ्यानं वाचलं तर पोरं काय बोलतील, आणि घरी जाऊन आजोबांना काय विचारतील? पुण्याच्या परीक्षकाला हा प्रश्न पडायचं कारण नाही. धुळ्याच्या परीक्षकाला पडू शकतो, आणि पडला तर त्याच्या हातून असं काही लिहून होईल जे दुसऱ्या कुणालाच लिहिता आलं नसतं. म्हणून टाळा. चारशे शब्दांत ते बसत नाही आणि संपादक ‘जरा पॉझिटिव्ह घ्या’ म्हणतो.

चित्रांसाठी एक ओळ ठेवा: ‘मुखपृष्ठ आकर्षक असून आतील चित्रे समर्पक आहेत.’ चित्रकाराचं नाव लिहू नका, ते शोधायला श्रेयनामावलीचं बारीक अक्षर वाचावं लागतं. माधुरी पुरंदरे या बाबतीत अडचणीच्या लेखिका आहेत, कारण त्या गोष्टही लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. ‘यश’ किंवा ‘राधाचं घर’ हाती आलं तर कोणता भाग शब्दांनी सांगितला आणि कोणता चित्रानं, हे बघत बसावं लागतं. चार वर्षांचं पोर तेच करतं, आणि आपल्यापेक्षा बरं करतं. अशा वेळी ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ लिहून पुढे सरका.

भाषेबद्दल ‘सोपी, सहज, ओघवती’. पुस्तकातली आजी शिरपूरची असून सदाशिव पेठेसारखं बोलत असेल तर त्याला ‘प्रमाणभाषेचे संस्कार’ म्हणतात. ती अहिराणीत बोलत असेल तर ‘मातीचा गंध’. दोन्ही ठिकाणी ती काय बोलते, ते विचारात घ्यायचं नाही.

कुमार गटाचं प्रकरण छोटं आहे, कारण आपल्याकडे कपाटच छोटं आहे. ‘किशोर’ मासिकाचे अंक संपले की पुढच्या फळीवर एकदम स्पर्धा परीक्षांची गाइडं लागतात. अधल्यामधल्या वयाचं, म्हणजे दहावीत आपटलेल्या, कुणावर तरी मन बसलेल्या, बापाशी बोलणं सोडलेल्या पोरापोरींचं पुस्तक आलंच, तर ‘८ ते ८० वयोगटातील सर्वांसाठी’ असं लिहून ते त्या वयापासून वाचवावं. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या नेमाड्यांनी १९६३ मध्ये खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराची कादंबरी लिहिली. सतरा-अठराव्या वर्षी हाती पडावं असं ‘कोसला’सारखं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही. पण तिच्यावर पीएच.डी. होते, ती अकरावीच्या वर्गात कुणी सुचवत नाही.

प्रकाशन समारंभाला गेलात तर मुलांची जागा ओळखून ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या आवारात ९७ वं साहित्य संमेलन झालं. अशा कोणत्याही संमेलनात मुलं ग्रंथदिंडीत असतात, गणवेशात, उन्हात आणि सगळ्यांत पुढे. पुस्तकांवर बोलणारे व्यासपीठावर असतात. परीक्षणातही हीच व्यवस्था ठेवावी. मुलांचा उल्लेख भरपूर, मत एकाही मुलाचं नाही.

आता धोके. सर्वांत मोठा धोका घरातच असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरं आली आहेत, लाइट गेली आहे, गच्चीवर गाद्या टाकल्या आहेत, अशा वेळी ते पुस्तक चुकूनही मोठ्यानं वाचायला घेऊ नका. तिसऱ्या पानाला पोरगं कूस बदलून झोपलं, तर ‘अत्यंत उत्कंठावर्धक’ लिहिताना हात जड होतो. आणि ‘मंग काय व्हयनं?’ असं विचारत ते उठून बसलं, तर त्याहून वाईट. मग कुठल्या पानाला उठलं, का उठलं, कुठल्या चित्रावर बोट ठेवलं, कुठे लेखकानं गोष्ट सोडून उपदेश सुरू केला आणि त्याचं लक्ष उडालं, हे सगळं लिहावंसं वाटतं. ‘बालमनाचा ठाव’ जागच्या जागी खोडावा लागतो. लेखक फोन करणं बंद करतो. पुस्तकाला मात्र चार वाचक मिळतात, कारण ते कशाबद्दल आहे हे पेपर वाचणाऱ्याला पहिल्यांदाच कळलेलं असतं.

परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायची रीत आहे. एक तुम्ही ठेवा. दुसरी रद्दीत किंवा शाळेच्या कुलूपबंद कपाटात जाण्याआधी गल्लीतल्या सहावीतल्या एखाद्या पोरीला द्या आणि ती काय म्हणते ते ऐकेपर्यंत लेखकाचा फोन उचलू नका.