कॉलेज कसे सुरू करावे : नवख्यांसाठी कृती

यादीत नाव लागलं म्हणजे कॉलेज सुरू झालं, असं तुमच्या मामांना वाटतं. वाटू द्या. कॉलेज सुरू होतं ते गेटासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. कुठल्या खिडकीवर काय लागतं हे त्या दुकानदाराइतकं आत कुणालाच ठाऊक नसतं.

साहित्य : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला नि नॉन-क्रिमिलेअर. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. फोटो आठ. स्टेपलर स्वतःचं. डिंकही न्या, खिडकीवरची बाटली वाळलेली असते आणि दोरीनं बांधलेलं पेन उमटत नाही. शाळेचा दाखला देण्याआधी त्याच्या चार प्रती जास्तच काढा. मूळ प्रत एकदा फाइलीत गेली की तीन वर्षं दर्शन नाही.

कृती : सकाळी दहाला रांगेत उभे राहा. खिडकी साडेदहाला उघडते, माणूस अकराला येतो. आतल्या बाईंना 'अहो' म्हणू नका, 'मॅडम' म्हणा. प्राचार्यसुद्धा त्यांच्याशी जपून बोलतात. त्या अर्ज पहिल्या ओळीपासून वाचत येतील, पान उलटतील, तुम्हाला वाटेल झालं. मग बोट एका कोऱ्या रेषेवर थांबेल. "पालकांची सही?"

ही सही रॅगिंगविरोधी हमीपत्रावरची. यूजीसीच्या 2009 च्या नियमांनुसार मुलाचं हमीपत्र वेगळं, पालकांचं वेगळं. माझे वडील लातूरला, मी पुण्यात, आणि मॅडम जेवायला. एका सहीसाठी रात्रीच्या एसटीनं जाऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीवर कळलं की सही निळ्या शाईची चालत नाही, काळी पाहिजे. दुसऱ्या फेरीत वडिलांनी चार कोऱ्या कागदांवरही सह्या करून दिल्या. (हे तुम्ही करू नका. केलंत तर कुणाला सांगू नका.)

विषय निवडणं पूर्वी सोपं होतं. 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, शिवाय प्रत्येकाची क्रेडिट्स. हे घरी फोनवर समजावू नका. आजी विचारते, "मेजर? म्हणजे मिल्ट्रीत घेतलं का रे तुला?" पोरगं इतिहास शिकतंय एवढंच सांगा.

हजेरी 75 टक्के लागते. शेजारच्याची 'प्रेझेंट' तुम्ही म्हणायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण आवाज बदलून म्हणा.

जेवणाचं मात्र नीट ऐका. पुण्यात मेसवाल्या काकू रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि रात्री बहुतेक मेस बंद असते. हे कुणी आधी सांगत नाही. पहिल्या रविवारी नवखं पोर नऊ वाजता ताट शोधत कुलपासमोर उभं राहतं. फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली' हॉटेलसमोर रांग दिसेल; तिथं महिन्याच्या सुरुवातीला जा. एरवी शनिवारीच खारी आणून ठेवा.

आणि दिवाळीला गावी निघाल तेव्हा कागदांची पिशवी गाडीत वरच्या फळीवर टाकू नका. मांडीवर घ्या.