काटा पाण्याचा, काढा तेलाला

पनवेलला उष्णतेवरच्या उताऱ्याची परंपरा जुनी. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे १८७२पासूनचा. त्यामुळे कुणाचंही पित्त खवळलेलं दिसलं की इथल्या माणसाला औषध सुचवल्याशिवाय राहवत नाही. आमच्या मारुती एट हंड्रेडवरही हाच प्रसंग ओढवला.

मे महिन्यात जुन्या रस्त्याने खोपोली सोडून बोरघाट चढू लागलं की, पंगतीत उशिरा आलेला पाहुणा जिलबीकडे सरकावा तसा गाडीचा काटा लाल रेघेकडे सरकायचा. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं म्हणतात ते. ट्रकवाले तिथे न थांबता नाणं टाकून पुढे जातात. आम्ही मात्र रीतसर थांबायचो. भक्तीने नव्हे, बॉनेट उघडायला. आयते थांबलोच आहोत म्हणून बायको नाणं टाकून यायची.

एकदा हे पाहून भाचा म्हणाला, "मामा, ऑइल कूलर बसवा. रेसच्या गाड्यांना असतो."

७९६ सीसी आणि तीन सिलिंडरच्या गाडीच्या संदर्भात 'रेस' हा शब्द ऐकून मला गहिवरून आलं. भाच्याने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून कूलर आणला. रेडिएटरचं नुकतंच बारसं झालेलं बाळ असावं, तसा तो दिसत होता. पाइप आणि क्लिपा मी हार्डवेअरच्या दुकानातून आणल्या. गीझरला चालतात, त्या इंजिनला का चालू नयेत?

उरण नाक्याजवळच्या मिस्त्रीकाकांनी तो पाइप दोन बोटांत धरला आणि मेलेल्या पालीसारखा बाजूला ठेवला.

"साहेब, थंड इंजिन चालू केलं की तेलाचा दाब टायरमधल्या हवेच्या दुप्पट जाऊ शकतो. हा पाइप फुटला तर तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर. म्हणजे आधी आग. आणि आग नाहीच लागली तर तेलावाचून इंजिन जाम. निवड तुमची."

मी निवड केली नाही.

"बरं, तापतं काय?"

"गाडी."

"गाडीत काय? डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचा असतो. तेलाला या गाडीत काटाच नाही. काटा पाण्याचा आणि काढा तेलाला?"

काकांनी रेडिएटर उतरवला. त्याच्या जाळीत चिखल आणि किड्यांचं छोटंसं कर्नाळा अभयारण्य निघालं. ते धुतलं, आतून फ्लश केलं, पंखा वेळेवर लागेना म्हणून त्याचा स्विच बदलला. मग तेलाला तात्पुरता सेन्सर लावून घाट चढून आलो. पाण्याचा काटा मध्यावर आणि तेल शंभराच्या आसपास.

"उत्तम," काका म्हणाले. "तेल तेवढं तापायलाच हवं. नाहीतर आतला ओलावा उडत नाही, झाकणाखाली ताकावरच्या लोण्यासारखी पांढरी साय धरते. कूलरची गरज नाही."

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "हौसच असेल तर नीट बसवू."

नीट म्हणजे काय, ते दोन दिवस पाहिलं. फिल्टर आणि ब्लॉकच्या मध्ये बसवायची प्लेट त्यांनी थर्मोस्टॅट असलेलीच मागवली. तेल ऐंशीच्या वर जाईपर्यंत ती कूलरकडची वाट जवळजवळ बंद ठेवते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. रिंगेवर रिंग बसली की गळती ठरलेली. पाइप तेलासाठीचेच, दोन्ही टोकांना प्रेस केलेल्या फिटिंगचे. सायलेन्सरपासून लांब नेलेले, पत्र्याची कड लागेल तिथे रबर चढवलेले. कूलर रबरी बुशांवर, रेडिएटरचा वारा अडणार नाही असा एका बाजूला. जास्तीच्या पोटाला जास्तीचं तेल घातलं. कॉइलची वायर सोडून, तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला. मग इंजिन चालू करून प्रत्येक जोडावर टॉर्च, आणि बंद केल्यावर पुन्हा डिपस्टिक. आमच्या मुलीच्या लग्नात एवढी तपासणी झाली नव्हती.

पुढच्या रविवारी घाटात गेलो. जुलै महिना, धो धो पाऊस. काटा मध्यावर ध्यानस्थ. शिंग्रोबापाशी मी तरीही थांबलो आणि भिजत जाऊन कूलरला हात लावला. गारच. कूलरकडची वाट अजून उघडलीच नव्हती.

मी हिरमुसून परत आलो. बायको म्हणाली, "अहो, उन्हाळ्यात तापते म्हणून रडत होतात, आता तापत नाही म्हणून?" आणि काच खाली करून तिने नाणं टाकलं.

"आता कशाला?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी."