एकचाकीच्या पायडलांची निवड व जोडणी : दीपनगरस्थ जिज्ञासूंसाठी

एकचाकी म्हणजे एक चाक, त्यावर उभा केलेला दुशाखी सांगाडा, सांगाड्याच्या माथ्यावर खोगीर आणि चाकाच्या आसालाच जखडलेल्या दोन क्रँक, एवढ्या सामग्रीत आटोपलेले वाहन होय. साध्या एकचाकीत साखळी नसते, फ्रीव्हील नसते, हँडल नसते आणि ब्रेकही नसतो. त्यामुळे वेग घेणे, वेग आवरणे, मागे जाणे व तोल सावरणे ही सर्व कार्ये, जी इतर वाहनांत निरनिराळ्या खात्यांकडे सोपवलेली असतात, ती येथे दोन पायडलांच्या एकाच कार्यालयात तुंबतात. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली ज्या भारतीय सर्कशीच्या परंपरेचा पाया घातला, तिच्या पुढच्या पिढ्यांच्या तंबूंत हे वाहन पाहिलेल्या प्रेक्षकांचे लक्ष बहुधा चालकाच्या हातांतील चेंडूंकडे राहिले आणि पायडलांचा विचार व्हावा तसा झाला नाही. प्रस्तुत विवेचन ती उणीव भरून काढण्यासाठी आहे.

भुसावळ तालुक्यातील दीपनगर हे या अभ्यासाला अनुकूल क्षेत्र मानावे लागते. येथील औष्णिक विद्युत केंद्रात ५०० मेगावॉटच्या संचांची टर्बाइने मिनिटाला ३००० फेरे घेतात आणि त्यांच्या बेअरिंगांचे तापमान व कंपन यांवर अहोरात्र नजर ठेवली जाते. मिनिटाला जेमतेम ६० फेरे घेणाऱ्या पायडलातील छर्‍यांची चौकशी मात्र ते करकरू लागेपर्यंत कोणी करीत नाही. वसाहतीतील अंतर्गत रस्ते सरावास योग्य आहेत, परंतु बाहेरचा राष्ट्रीय महामार्ग केंद्राची राख वाहणाऱ्या बल्करांसाठी सोडून द्यावा, कारण बल्करचालकाला एकचाकी दिसली तरी ती वाहन आहे हे त्याला वेळेत पटेलच याची हमी देता येत नाही.

निवडीत पहिला दावेदार म्हणजे जुन्या काळ्या सायकलीचे रबरी ठोकळ्यांचे पायडल. ते टिकाऊ असते, घराच्या माळ्यावर फुकट सापडते आणि वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा असतो. तथापि ओल्या तळव्याखाली रबर निसटते, आणि खानदेशात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा तळवा ओला होण्यासाठी पावसाची वाट पाहावी लागत नाही. दुसरा दावेदार धातूचा, पृष्ठभागावर खिळ्यांसारखे दात असलेला. त्याची पकड उत्तम असते, मात्र ती बुटाच्या तळापुरती मर्यादित न राहता नडगीपर्यंत पोहोचते. शिकाऊ चालक पडतो तेव्हा क्रँक उरलेल्या वेगाने फिरत येऊन नडगीचा शोध घेते आणि तो शोध सहसा यशस्वी होतो. म्हणून आरंभी रुंद, सपाट, प्लॅस्टिकचे आणि बोथट खाचांचे पायडल घ्यावे, नडगीवर क्रिकेटचे पॅड बांधावे, आणि शेजाऱ्यांनी संघाची चौकशी केल्यास मौन पाळावे. पाऊल अडकवून ठेवणारे पट्टे किंवा कुलपी बूट शर्यतीच्या सायकलीला शोभतात. एकचाकीवरून केव्हाही आणि कोणत्याही दिशेने उतरण्याचा हक्क अबाधित असला पाहिजे. पायडल महाग घेऊ नये, कारण चालकाने उडी मारल्यावर जमिनीवर आपटते ते बहुधा तेच असते.

आता आटे. आटे म्हणजे पायडलाच्या दांडीवर कोरलेली मळसूत्री खाच. मोठ्या सायकलींच्या बहुसंख्य पायडलांची दांडी ९/१६ इंचाची असून तीवर दर इंचाला २० आटे असतात. मुलांच्या काही सायकलींत, जेथे दोन्ही क्रँक एकाच वाकवलेल्या लोखंडी दांड्याच्या असतात, ती १/२ इंचाची असते, आणि या दोहोंत मैत्री घडवून आणण्याचा प्रयत्न हातोडीने करू नये. उजव्या पायडलाचे आटे सुलटे, तर डाव्याचे उलटे असतात. ही युक्ती भुसावळ परिसराला नवखी नाही: जुन्या पद्धतीचे रेल्वे डबे जोडणाऱ्या स्क्रू कपलिंगच्या एका अंगाला सुलटे व दुसऱ्या अंगाला उलटे आटे असतात, आणि घरातल्या टेबल फॅनचे पाते धरणारी चकतीही उलटीच फिरवावी लागते, हे ज्ञान ती चकती मोडल्यानंतर प्राप्त होते.

उलट्या आट्यांचे कारण वरवर पाहता तर्काच्या विरुद्ध जाते. क्रँक पुढे फिरते तेव्हा पाऊल आडवेच राहते, म्हणजे क्रँकच्या दृष्टीने पायडल मागे फिरते. तेव्हा छर्‍यांच्या घर्षणाने दांडी ज्या दिशेने ओढली जाईल, ती दिशा आहे सैल होण्याची. पण पायाचा भार दांडीला क्रँकच्या छिद्राच्या एका कडेवर दाबतो, दाबाची ही जागा कडेकडेने सरकत जाते, आणि छिद्रात केसभर जागा असल्याने दांडी तीत गडगडत उलट दिशेने, म्हणजे घट्ट होण्याच्या दिशेने, वळते. हा परिणाम घर्षणावर मात करतो. एकचाकीवाला मात्र मागेही जातो आणि जागच्या जागी झुलतही राहतो, त्यामुळे निसर्गनियमावर विसंबून पाना सैल हाताने वापरण्याची चैन त्याला परवडत नाही. शिवाय एकचाकीचे तोंड कोणते हे दुरून ओळखू येत नाही. खोगीर उलटे बसवले, तर उजवे पायडल डावीकडे जाते आणि गुमान निसटू लागते.

प्रत्यक्ष जोडणीत दांडीच्या टोकावरील डाव्या-उजव्याची खूण पाहावी, आट्यांना ग्रीस लावावे आणि पहिले तीन-चार वेढे बोटांनीच द्यावेत. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये पोलादी दांडी तिरपी घुसली की क्रँकचे आटे खरवडले जातात, आणि त्यानंतर पायडल कितीही उत्तम असले तरी निरुपयोगी ठरते. मग १५ मिलिमीटरचा पाना लावून त्याचे वरचे टोक चाकाच्या पुढच्या दिशेला ओढावे. दोन्ही बाजूंना घट्ट करण्याची दिशा हीच आहे, त्यामुळे पाठांतराची गरज नाही. पाना पातळ हवा, कारण जाड पाना पायडल आणि क्रँक यांच्यामधल्या फटीत शिरत नाही, आणि दुकानदार तो शिरतो असे म्हणत असल्यास त्यालाच शिरवून दाखवण्याची विनंती करावी. दीपनगरात आणखी एक दक्षता अवश्य आहे: हवेतील राखेत सिलिका असते, ती ग्रीसमध्ये मिसळून छर्‍यांना घासत राहते, म्हणून पायडल वेळोवेळी उघडून रॉकेलने धुवावे व नवे ग्रीस भरावे. न उघडणारे पायडल घेतले असल्यास ते करकरण्याची वाट पाहून बदलावे.

पहिल्या फेरीनंतर पाना पुन्हा एकदा लावावा. वाटेत पायाखाली टकटक जाणवल्यास पायडल सैल झाले असे समजावे आणि तसेच पुढे रेटून क्रँकचे आटे संपवण्याऐवजी तत्काळ उतरावे; एकचाकीवरून उतरण्यासाठी निराळे प्रयत्न सहसा करावे लागत नाहीत.